गाडीला काम दे

चि. निनाद,



तुझ्या लेआउटचे फोटो मिळाले. खाली तू विचारलं आहेस, ‘आत्या, ट्रॅक चांगला, इंजिन चांगलं, घरंसुद्धा विकतची, मग हे सगळं खेळण्यासारखं का दिसतं?’ मॉडेल रेल्वेच्या नादाला लागलेली बरीच मुलं मला हेच विचारतात, म्हणून उत्तर सगळ्यांना वाचता येईल असं उघड्या पत्रातूनच देते आहे.

तुझ्या आठ बाय चारच्या प्लायवर लंबगोल ट्रॅक आहे, मधे डोंगर, डोंगराला बोगदा, अलीकडे युरोपातल्या खेड्यातलं वाटावं असं चर्च आणि या सगळ्याभोवती डेक्कन क्वीन फिरते आहे. ही गाडी कुठून आली, कुठे चालली, थांबलीच तर कशासाठी थांबणार, यातलं काहीही मला फोटोवरून कळलं नाही. खऱ्या रेल्वेत रुळाचा प्रत्येक तुकडा कुणीतरी पैसे खर्चून, काहीतरी काम निघावं म्हणून टाकलेला असतो. साइडिंग असेल तर तिथे माल उतरतो. रूळ डोंगरात शिरत असतील तर डोंगर टाळणं शक्य झालेलं नसतं. तुझ्या लेआउटवर डोंगर बोगद्यासाठी आलेला आहे, आणि बघणाऱ्याला हे पहिल्या नजरेत जाणवतं, मग गवत कितीही महागाचं असो.

तेव्हा आधी गाडीला काम दे. एक जागा ठरव, एक काळ ठरव आणि त्या जागी त्या काळात रेल्वेची माणसं दिवसभर काय करत होती ते शोधून काढ. रंग, खडी, झाडं यांचं बघू नंतर.

माझ्या लेआउटसाठी मी कर्जत निवडलं ते याच कारणाने. गाडी तिथे येते, थांबते आणि थांबण्याला कारण असतं. पुढे बोरघाट आहे, 37 फुटांत एक फूट असा चढ. जेम्स बर्कली या इंजिनिअरने आखलेला हा मार्ग 1863 मध्ये खुला झाला. त्यातलं अवघड बांधकाम सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराने घेतलं होतं. तो 1859 मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत आजारपणात गेला. त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, कंत्राट सोडलं नाही. माणसं नेमून तिने ते पुरं करून घेतलं. कॉलऱ्याने आणि अपघातांनी गेलेल्या हजारो मजुरांची नावं मात्र कुठे लिहिलेली नाहीत. घाटाचं मॉडेल करायला बसणाऱ्याने हे ठाऊक करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. बोगद्याचं तोंड कोरताना हात आपोआप जपून चालतो.

तर कर्जत. मुंबईहून आलेली गाडी फलाटाला लागते, चढावर ढकलायला मागून दोन-तीन बँकर इंजिनं येऊन टेकतात, जोडणी होते, ब्रेकची तपासणी होते, पुढच्या आणि मागच्या ड्रायव्हरची खूणगाठ पटते आणि गाडी हलते. लोक तोवर वडा खाऊन घेतात. लोणावळ्याला बँकर सुटतात आणि परत खाली येतात, पुढच्या गाडीसाठी. उतरणीचा मामला तर आणखी नाट्यमय. खाली येणारी गाडी सुटली, ब्रेक लागले नाहीत, तर तिला पकडायला घाटात कॅच साइडिंग आहेत, म्हणजे चढावर जाऊन संपणारे रूळ. सांधा मुळात तिकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी मंकी हिल, ठाकूरवाडी अशा केबिनपाशी येऊन पूर्ण थांबते. ती ताब्यात आहे हे दिसलं, की मगच केबिनवाला मुख्य मार्ग लावतो. एवढ्या एका नियमात लेआउटवरच्या अख्ख्या संध्याकाळचं काम आहे.

आता तू म्हणशील, मग घाटच का नाही केलास? हिशेब करून बघ. आपण वापरतो ते प्रमाण एचओ, म्हणजे 1:87. घाटाची लांबी सुमारे 25 किलोमीटर. 87 ने भाग, साधारण 290 मीटर रूळ लागतील. चढ साडेपाचशे मीटरचा, म्हणजे मॉडेलची लोणावळ्याची बाजू जमिनीपासून सव्वासहा मीटरवर, दुमजली घराच्या छताला. एका रुळावरून दुसरा रूळ नेण्याचीच गोष्ट घे. खालच्या गाडीला जायला आठेक सेंटिमीटर उंची हवी. एकास 37 या चढाने तेवढं वर जायला तीन मीटर लांबी जाते आणि तुझं प्लाय अडीच मीटरचंही नाही. सगळं घेऊ गेलं की सगळंच आखडतं. म्हणून मी यार्डाचं घाटाकडचं एकच टोक घेतलं. गाडी डोंगराच्या चित्रामागे जाते आणि तिथल्या लपवलेल्या मार्गांवर उभी राहते. त्या लपवलेल्या जागेला फिडल यार्ड म्हणतात. नाटकातल्या विंगेसारखी जागा ती, बघणाऱ्यांसाठी नाहीच. माझ्या लेखी लोणावळा, पुणे, सोलापूर सगळं तिथे आहे.

लांबीचा हिशेब डब्यांनाही लागू आहे. आपला आयसीएफचा डबा बफरपासून बफरपर्यंत 22 मीटरच्या थोडा वर, म्हणजे मॉडेलचा पंचवीस-सव्वीस सेंटिमीटर. वळणाची त्रिज्या डब्याच्या निदान तिप्पट असावी, तर गाडी नीट चालते आणि डोळ्यांना खुपत नाही. म्हणजे पाऊण मीटरहून जास्त. तुझं प्लाय चार फूट रुंद, त्यावर अर्ध्या मीटरहून फार मोठं वळण बसतच नाही. तुझी डेक्कन क्वीन वळणावर कोपरे बाहेर काढून चालते ना, ते या कारणाने. इंजिनाचा किंवा ट्रॅकचा त्यात काही दोष नाही.

म्हणून तुला मी वेगळंच सुचवते. ते प्लाय सध्या भिंतीला टेकवून ठेव आणि दीड-पावणेदोन मीटर लांब, एक फूट रुंद अशी फळी घे. तुझ्या खोलीत पुस्तकांच्या शेल्फवर ती मावेल. तिच्यावर ‘इंगलनूक’ मांड. ॲलन राइट या इंग्रज मॉडेलकाराच्या इंगलनूक साइडिंग्ज या छोट्याशा लेआउटवरून हे नाव पडलं. तीन साइडिंग, दोन सांधे, एक इंजिन आणि आठ वाघिणी. एका साइडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. पुढच्या मोकळ्या रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी, त्याहून एकही जास्त नाही. आठ वाघिणींच्या आठ चिठ्ठ्या करायच्या, पाच उचलायच्या आणि ज्या क्रमाने उचलल्या त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लांबच्या साइडिंगमध्ये लावायची. सोपं वाटतं. क्रमांचा हिशेब 6720 होतो, त्यामुळे पाठ करायची सोय नाही. इंजिन पुढे-मागे, सांधा बदल, दोन तिकडे ठेव, एक इकडे ओढ, असं करता करता तास कधी गेला कळत नाही.

हे कोडं झालं. त्याचं स्टेशन करायचं तर काळ लागतो आणि इथे मला फार आनंद होतो, कारण आपल्या रेल्वेत या कोड्याला हक्काचा काळ आहे. आज मालगाडी एकाच मालाची, अख्खीच्या अख्खी भरून निघते आणि अख्खीच रिकामी होते. 1980 च्या दशकापासून रेल्वे त्या वाटेने गेली. त्याआधी लहान स्टेशनांवर सुट्या वाघिणी येत. रोजची मालगाडी यायची, दोन वाघिणी टाकायची, एक भरलेली उचलायची, तिघींना जागेवरून हलवून चौथी बाहेर काढायची. म्हणजे 1970 च्या दशकातला एखादा माल धक्का तुझ्या फळीसाठीच जन्माला आलाय. लासलगावच्या बाजूचं, कांद्याच्या मुलखातलं एक स्टेशन कल्पनेतलं घे. नाव तू ठेव. एका साइडिंगला मालाची शेड आणि धक्का, तिथे कांदा चढतो, खत आणि सिमेंट उतरतं. दुसरी कोळशासाठी. तिसरी ब्रेक व्हॅन आणि बिघडलेल्या वाघिणीला. जुन्या चारचाकी वाघिणी 1:87 ला नऊ-दहा सेंटिमीटरच्या, वळण तर जवळपास नाहीच, त्यामुळे तुझ्या डेक्कन क्वीनचं दुखणं इथे उद्भवतच नाही. शंटिंगला डब्ल्यूडीएस-4 हे छोटं डिझेल इंजिन. चित्तरंजनला ते 1960 च्या दशकाच्या शेवटी बनू लागलं. चाकं दांड्यांनी जोडलेली असल्यामुळे हळू चालताना बघायला फार सुंदर दिसतं. तयार भारतीय मॉडेलं हल्ली मिळतात, पण निवड थोडी आहे. वाघिणी तू प्लास्टिक शीटच्या कर. सरळ चौकोनी पेटीच असते, शिकायला त्याहून चांगलं काही नाही.

वजन विसरू नकोस. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेची, एनएमआरएची, एचओसाठी शिफारस अशी आहे: मुळात एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. दहा सेंटिमीटरच्या वाघिणीला हे 85 ग्रॅमच्या आसपास येतं. नुसत्या प्लास्टिकची वाघीण त्याच्या निम्मीही भरत नाही, म्हणून ती सांध्यावर उडी मारते. तळाला आतून लोखंडी वॉशर चिकटव.

आता वेग. बहुतेकांच्या गाड्या लेआउटवर विमानासारख्या पळतात. ताशी 60 किलोमीटर म्हणजे 1:87 ला सेकंदाला 19 सेंटिमीटर. फुटपट्टी ठेवून मोजून बघ, केवढा सावकाश आहे तो. शंटिंग तर ताशी पाच-सात किलोमीटरने चालायचं, सेकंदाला दोन सेंटिमीटर. इंजिन इतकं हळू, न अडखळता चाललं की बघणारा माणूस वाकून बघायला लागतो. त्यासाठी रूळ स्वच्छ हवेत आणि आपल्याकडच्या दमट हवेत ते रोज काळवंडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला सुती फडका फिरवायचा. सँडपेपर लावू नकोस, ओरखड्यांत मळ आणखी बसतो. आणि प्रत्येक रुळाला खालून स्वतंत्र वायर दे, डाग पक्का दे. रुळांच्या जोडपट्ट्यांवर वीज वाहून नेण्याचा भरवसा पहिल्या पावसाळ्यापर्यंतच टिकतो.

बँकरबद्दल तू आवर्जून विचारलं होतंस, म्हणून थोडं तपशिलात सांगते. साध्या डीसी पद्धतीत रुळातली वीज वाढवली की रुळावरची सगळी इंजिनं एकदम पळतात. डीसीसी या डिजिटल पद्धतीत रुळात वीज कायम असते आणि तिच्यातूनच आज्ञा जातात. इंजिनात बसवलेला डीकोडर आपल्या क्रमांकाचीच आज्ञा ऐकतो. त्यामुळे पुढे एक इंजिन आणि मागे दोन बँकर स्वतंत्रपणे चालवता येतात. पण दोन इंजिनं एकाच आकड्यावर सारखी धावत नाहीत. मागचं जरा जास्त धावलं तर मधले हलके डबे वळणावर बाहेरच्या बाजूला उचकून पडतात. पुढचं जास्त धावलं तर बँकर नुसतं ओझं होतं. मग जुळवणी करायची. दोन्ही इंजिनं एकाच मार्गावर फूटभर अंतराने सोडायची आणि अंतर वाढतं की घटतं ते बघत बसायचं. डीकोडरमध्ये सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या वेगाच्या तीन नोंदी असतात, सीव्ही 2, 6 आणि 5. आधी सुरुवातीचा वेग जुळवायचा, मग शेवटचा, मधला सगळ्यांत शेवटी. एकेका आकड्याने वर-खाली करायचं. माझे बँकर डब्ल्यूसीजी-2 आहेत, 1500 व्होल्ट डीसीच्या काळातले, आणि ते घाटाकडे निघालेल्या गाडीला ज्या प्रकारे रेटतात ते बघताना मला दरवेळी नव्याने आनंद होतो. पुढची कपलिंग ताणलेली, मागची दाबलेली आणि मधे कुठेतरी एक कपलिंग असं, की ज्याच्यावर ना ताण ना दाब. गाडीच्या आत चाललेली ही ओढाताण सारख्या वजनाच्या डब्यांवर उघड्या डोळ्यांना दिसते.

गेजचं एक सांगून ठेवते, कारण कुणीतरी तुला त्यावरून टोकणार. एचओचा ट्रॅक साडेसोळा मिलिमीटरचा. तो युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटरच्या रुळांचा आहे. आपलं ब्रॉडगेज 1676, 87 ने भागलं तर सव्वाएकोणीस येतं. म्हणजे आपली इंजिनं मॉडेलमध्ये थोडी अरुंद पायांवर उभी असतात. काही जण हाताने रूळ टाकून हेही बरोबर करतात, त्यांचं मला कौतुक आहे. तू सध्या तिकडे जाऊ नकोस.

आणि आता गवत-माती, ज्यासाठी तू खरं तर लिहिलं होतंस. खऱ्या रुळाखालची खडी फार तर 65 मिलिमीटरची. आपल्या प्रमाणात पाऊण मिलिमीटरच्याही आत. बाजारातली मॉडेलची खडी बहुधा याहून जाड असते आणि तीच फोटोत पहिल्यांदा खोटी दिसते. बांधकामाच्या जागेवरून काळ्या दगडाची मूठभर कच आण, धू, वाळव आणि दोन चहाच्या गाळण्यांतून चाळ. एकीतून पडेल आणि दुसरीत अडकेल ती तुझी खडी. पण टाकण्याआधी तिच्यातून लोहचुंबक फिरव. आपला सह्याद्रीचा दगड बेसॉल्ट, त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. पांढऱ्या कागदावर कच पसरून, चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवलंस तर काळी लव उभी राहिल्यासारखे ते कण चिकटून येतील. ते खडीत राहिले तर इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात. चुंबकाला काही चिकटेनासं होईपर्यंत फिरवत राहा. मग कोरडी खडी मऊ ब्रशने बसव, वरून पाण्याचा बारीक फवारा, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब, आणि ड्रॉपरने पातळ फेव्हिकॉल. रात्रभर हात लावू नकोस. सांध्याच्या हलत्या पट्ट्यांपाशी मात्र फेव्हिकॉलचा थेंबही जाऊ देऊ नकोस.

दगड करताना बघून कर. घाटातला कडा पायऱ्यांचा असतो, लाव्ह्याचे थर एकावर एक, मधल्या मऊ पट्ट्यांवर झुडपं. विकतच्या साच्यांतले दगड आल्प्सचे असतात, टोकदार आणि उभे. थर्माकोलचे आडवे थर कापून वर पीओपी दिलंस की सह्याद्री ओळखू येतो. तुझं स्टेशन गोदाकाठच्या मुलखातलं असल्यामुळे तुला कडा लागणारच नाही. तुला लागेल काळी माती, बाभळी आणि धक्क्यावर सांडलेला कांद्याचा पाला. महिनाही ठरव. मे आणि ऑगस्ट एका फळीवर राहू शकत नाहीत.

रंगाचं शिक्षण घ्यायला वरळीला नेहरू सायन्स सेंटरमध्ये जाऊन ये. तिथे ‘खेकडा’ उभा आहे, डब्ल्यूसीजी-1, घाटाचं विद्युतीकरण झालं त्या काळचं मधे जोड असलेलं इंजिन. कोपऱ्यात गंज कुठे साठतो, पायऱ्यांवरचा रंग कुठे झिजतो, हे फोटोवरून कळत नाही. पुण्याला गेलास तर कोथरूडचं जोशी यांचं मिनिएचर रेल्वे संग्रहालयही बघ. बी. एस. जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या आणि घडवलेल्या गाड्यांचं ते 1998 मध्ये सुरू झालं. तिथे रंगापेक्षा सिग्नलकडे बघ. कोणती गाडी कुणासाठी थांबते, सांधा कधी फिरतो, हे सगळं एका क्रमात बांधलेलं आहे.

तोच क्रम तुझ्याही फळीवर यायला हवा. इंग्लंडमध्ये पीटर डेनी नावाचे एक पाद्री होते. त्यांचं बकिंगहॅम हे मॉडेल वेळापत्रकावर चालायचं, स्टेशनमास्तर एकमेकांना घंटेच्या खुणांनी गाडी विचारतात आणि देतात, अगदी तसंच. पलीकडचं स्टेशन त्यांचा मुलगा क्रिस्पिन सांभाळायचा. तो घरातून बाहेर पडल्यावर त्यांनी त्याच्या जागी एक यंत्र बांधलं. ते घंटा ओळखायचं, उत्तर द्यायचं, गाडी सोडायचं. नाव ठेवलं ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’. अमेरिकेतल्या जॉन ॲलनने तर आपलं घड्याळच पळतं केलं होतं, म्हणजे दोन-तीन तासांत रेल्वेचा अख्खा दिवस बसावा. दुर्दैव असं, की 1973 च्या जानेवारीत तो गेला आणि पुढच्या थोड्याच दिवसांत त्याचं लेआउट आगीत जळालं. पण त्याने दाखवलेली वाट आजही जगभरचे लोक चालतात, मीही.

प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड कर. त्यावर ती कुठून आली, काय घेऊन आली, कुठे जायची आहे ते लिही. मग चिठ्ठ्यांऐवजी ही कार्डं काढ. ‘कांदा, कलकत्त्याला’ असं लिहिलेली वाघीण कोळशामागे अडकली की तिला बाहेर काढायला तुझा जीव आपोआप लागेल. त्या दिवशी फोटो पाठव, चर्च काढलेलं नसलं तरी चालेल.

दिवाळीत येशील तेव्हा फळी घेऊनच ये, गाडीच्या टपावर बांधून आणता येईल. रूळ चिकटवू नकोस, नुसते मांडून आण. सांधे कुठे बसतात ते आपण वाघिणी लावून बघू आणि मगच कापू. कपलिंग सगळ्या वाघिणींना एकाच जातीचं घे. पहिला डाव मी खेळणार, कार्डं तू काढ.

तुझी,
आत्या